गायिका : सुवर्णा मोबाईल

देवळाली कॅम्पात बस स्टँडसमोर चपलांचं दुकान आणि भेळवाला यांच्या मध्ये सहा फुटांची एक जागा आहे. पाटीवर 'सुवर्णा मोबाईल' असं नाव आणि त्याखाली रिचार्ज, कव्हर, काच, झेरॉक्स, सरकारी फॉर्म अशी यादी. दुकान मात्र चालायचं ते यादीत नसलेल्या कामावर. काचेला आतून एक कागद चिकटवलेला असायचा, 'गाणी भरून मिळतील'. तो वाचून माणसं मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह घेऊन आत यायची आणि पाऊण तासात शे-पाचशे गाणी खिशात घालून जायची.

दुकानाची मालकीण सुवर्णा केदारे. वय बेचाळीस, अंगानं किरकोळ, जिभेनं नाही. तिला स्वतःला दोन ओळी धड सुरात म्हणता येत नाहीत, पण कान असा की गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्याच्या कार्डात काय जाणार ते तिला कळलेलं असायचं. वणीकडचा ट्रॅक्टरवाला आला तर इंजिनाच्या आवाजावर मात करतील अशी गाणी. लग्नाचा सीझन असेल तर हळदीची, एकामागून एक, मध्ये उसंत नाही. चौदा एप्रिलच्या आधी महिनाभर जयंतीची. एकदा एका बिहारी सुभेदाराच्या बायकोला तिनं तिच्या माहेरच्या बोलीतली सणाची गाणी शोधून दिली, तेव्हा ती बाई काउंटरला टेकून रडली होती. सुवर्णानं तिला पाणी दिलं आणि आणखी वीस गाणी वर घातली. असं सगळं होतं म्हणूनच भगूरपासून नाशिक रोडपर्यंतची माणसं इतर दुकानं ओलांडून तिच्याकडे यायची.

गाणी यायची कुठून, हे कुणी विचारायचं नाही. नेटवर फुकट गाणी उतरवून घेता येतील अशा जागा चिक्कार, त्यांची नावं आठवड्याला बदलतात, आणि सुवर्णाला ती सगळी पाठ. हपापाचा माल गपापा. एकदा कुठल्याशा कंपनीची माणसं पोलीस घेऊन नाशिक रोडला आली आणि एका दुकानातला कॉम्प्युटर उचलून घेऊन गेली. ती बातमी कॅम्पात पोचली त्या दुपारी काचेवरचा कागद उतरला. आठ दिवसांनी परत चढला. कायदा म्हणजे सुवर्णाच्या लेखी अधूनमधून येणारी सर्दी होती. आली की जपायचं, गेली की विसरायचं.

पण तिलाही एका गोष्टीचा संताप होता. ती मेहनतीनं गाणी निवडायची, नीट लावायची, आणि शेजारपाजारचे दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातून तिचंच कार्ड मागवून ती सगळी रांग जशीच्या तशी उतरवून घ्यायचे. आपण उचललेलं दुसऱ्यानं उचललं की माणसाला चोरीची खरी चीड येते. तिनं उपाय काढला. गाण्याच्या फाईलमध्ये नाव, गायक, अल्बम अशी माहिती लिहायला जागा असते. गायकाच्या जागी ती 'सुवर्णा मोबाईल' लिहायला लागली आणि अल्बमच्या जागी फोन नंबर. एकदम शेकडो फाईलींवर हे करता येतं, त्याला वेळ लागत नाही. अशा रीतीनं सात-आठ हजार गाण्यांची गायिका सुवर्णा झाली. बाईनं पुरुषाच्या आवाजात गायलं, भोजपुरीत गायलं, अहिराणीत गायलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ह्या गाण्यांत शकुबाईंची आठ गाणी होती.

शकुबाई दोंदे मूळच्या लहवितच्या, आता कॅम्पामागच्या बौद्ध वस्तीत एका खोलीत राहतात. वय चौऱ्याहत्तर. नवरा देवराम विटांच्या भट्टीवर कामाला होता आणि भट्टी बंद असेल तेव्हा ढोलकीवर. तो गाणी रचायचा, शकुबाई म्हणायच्या. बारशाला, लग्नाला, जयंतीला नाशिकपासून मनमाडपर्यंत दोघांना बोलावणं असायचं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मनमाडच्या एका कॅसेट कंपनीनं त्यांची एक कॅसेट काढली. तिच्यातलं एक गाणं चांगलंच चाललं. 'हळू फिर रे जात्या, लेक वाचाया बसली', अशी त्याची सुरुवात.

देवराम बारा वर्षांपूर्वी गेला. पुढच्या वर्षी शकुबाई ती कॅसेट पिशवीत घालून सुवर्णाच्या दुकानात आल्या. घरातला टेप कधीच बंद पडला होता. "भर तुझ्या मशिनीत," त्या म्हणाल्या. "माझ्यापाशी पडून काय करायचं? लोकं तरी ऐकतील." सुवर्णा त्यांना शकूमावशी म्हणते. नातं रक्ताचं नाही, वस्तीचं आहे. तिनं कुणाचा तरी टेप आणून कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. आठव्या गाण्याच्या शेवटी फीत अडकून तुटली, कव्हर दुकानाच्या रंगकामात कुठं गेलं ते कळलं नाही. गाणी मात्र सुटली. ट्रॅक्टरवर गेली, हळदीच्या साऊंडवर गेली, तिथून कुणीकुणी नेटवर चढवली. आपलं गाणं रस्त्यानं जाताना ऐकू आलं की शकुबाई थांबायच्या, पूर्ण ऐकायच्या आणि मग पुढं जायच्या. त्यांचं एवढ्यावर भागत होतं.

मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. बोललेलं कळतं, पण सूर लागत नाही. भट्टीवर त्याही जायच्या, ते काम तर कधीच सुटलेलं. त्याच सुमारास सुवर्णाच्या कानावर आलं की म्हाताऱ्या कलावंतांना सरकारकडून मानधन मिळतं. फॉर्म भरण्यात तिचा हात कोण धरणार? तिनं शकुबाईंचा फॉर्म भरला, फोटो चिकटवला, दाखले जोडले, आणि समितीपुढं जायची तारीख आली तेव्हा दुकान बंद ठेवून स्वतः बरोबर गेली. आपण एका म्हातारीचं भलं करतोय ह्याचं तिला बरं वाटत होतं, आणि ते तिच्या चालण्यात दिसत होतं.

नाशिकला एका कार्यालयाच्या हॉलमध्ये समिती बसली होती. मधल्या खुर्चीवर एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे सर म्हणत होते. बाजूला लॅपटॉप घेतलेला एक कारकून.

"आजी, एखादं कडवं म्हणा," सर म्हणाले.

शकुबाईंनी गळ्याला हात लावला. "नाय हो येत आता. गळा कापलाय."

"सर, माझ्याकडे आहे ना," सुवर्णा पुढं झाली आणि तिनं फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. जातं हळू फिरायला लागलं तसा सरांचा चेहरा उजळला.

"अहो, हे तर आमच्या पुतण्याच्या हळदीला वाजलं होतं! हे तुमचं आजी?" त्यांनी कौतुकानं फोन उचलला, चष्मा वर केला आणि पडद्याकडे बघितलं. "इथं तर गायिका म्हणून सुवर्णा मोबाईल लिहिलंय."

कारकुनानं तोपर्यंत लॅपटॉपवर गाण्याची ओळ टाकून शोधलं होतं. "सर, सगळीकडं तेच आहे. वरच्या पाच ठिकाणी आहे गाणं, पाचही ठिकाणी सुवर्णा."

"ह्या सुवर्णा कोण?"

"मी, सर," सुवर्णा म्हणाली.

"तुम्ही गाता?"

"नाही."

"मग?"

"दुकान आहे माझं."

सर वाईट नव्हते. त्यांनी शकुबाईंकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं, आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. "आजी खरं बोलतात असं मला वाटतंय. पण माझ्या वाटण्याचा कागद होत नाही. गेल्या महिन्यात एकजण दुसऱ्याची गाणी स्वतःची म्हणून घेऊन आला होता. गाणं ह्यांचंच आहे असा पुरावा आणा. आणि ते तुमचं नाव तिथं कसं गेलं, ते लेखी द्या. आठ दिवस आहेत. नंतर यादी पुढं जाईल, मग थेट पुढच्या वर्षी." चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला पुढचं वर्ष दाखवणं सोपं नसतं, हे त्यांनाही कळलं असावं, कारण ते बोलताना त्यांनी खाली बघितलं.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या.

"तुझं नाव का गं टाकलं?" शकुबाईंनी विचारलं. रागानं नाही.

"मावशी, ते दुसरे दुकानवाले चोरायचे ना गाणी. त्यांनी चोरू नये म्हणून टाकत होते सगळ्यांवर."

शकुबाई तिच्याकडे वळल्या. "माझं टाकलं असतं तरी त्यांनी चोरलंच असतं की. पण मग माझं नाव तरी गेलं असतं गावोगाव."

कॅम्प येईपर्यंत सुवर्णानं तिकिटाची घडी घातली आणि उलगडली.

त्याच संध्याकाळी दुकानात बसून तिनं पहिली युक्ती केली. फाईल उघडली, गायिकेच्या जागचं आपलं नाव पुसलं आणि लिहिलं, शकुबाई देवराम दोंदे. दोन मिनिटांचं काम. पडद्यावर नाव झळकलं आणि तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं की हे नाव तिनं टाकलं तसं ते कुणालाही टाकता येतं, आणि सर पहिला प्रश्न हाच विचारणार. तिच्या हातून गेलेल्या कुठल्याच फाईलवर आता कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. तिनं स्वतःही ठेवला नसता. असली चीज जिथून निघाली तिथूनच आणायला हवी होती.

कॅसेटच्या कव्हरवर 'अंकाई ऑडिओ, मनमाड' असं छापलं होतं, एवढं तिला आठवत होतं. तिनं ते नाव शोधायला टाकलं. आणि दुसऱ्याच ओळीत कॅसेट समोर. तेच निळं कव्हर, तोच दोघांचा फोटो, खाली आठही गाण्यांची नावं. ती रीतसर पैसे भरून गाणं उतरवून घ्यायची जागा होती. अशा जागा सुवर्णाला माहीत नव्हत्या असं नाही. पैसे भरा असं दिसलं की ती मागच्या पावली फिरायची, त्यामुळं आत काय असतं ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खाली एक फोन नंबर होता. फोन अश्विन नावाच्या माणसानं उचलला. कंपनी त्याच्या वडिलांची. ते गेल्यावर ह्यानं सगळ्या जुन्या कॅसेटी काढून, कव्हरवरची नावं अक्षरन् अक्षर उतरवून, चार वर्षांपूर्वी तिथं चढवल्या होत्या.

"शकुबाई दोंदे? आहे ना. सतरा जणांनी घेतलीय चार वर्षांत," तो म्हणाला. "घेणार कोण? लोकांकडे ती फुकटातली आहे. कुणीतरी सुवर्णा मोबाईल म्हणून आहे देवळालीला. मी एका ठिकाणाहून तक्रार करून काढायला लावतो, दुसरीकडं उगवते."

"मीच बोलतेय," सुवर्णा म्हणाली.

पलीकडं अश्विन हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "धन्य आहात ताई तुम्ही." तिनं समितीचं सगळं सांगितलं आणि पुराव्यासाठी पत्र मागितलं. त्यानं ऐकून घेतलं. "माझं पत्र कशाला? रीतसर उतरवून घ्या. सोबत पावती येते, तिच्यावर गायिका, कवी, साल, कंपनी सगळं असतं. समितीला हवं तर मला फोन करू दे. आणि तुमच्या आहेत तेवढ्या फाईली पुसा. गाणं पूर्ण आहे इथं, तुमच्यासारखं तोडलेलं नाही."

"तोडलेलं?"

"घ्या आणि ऐका."

सुवर्णानं आयुष्यात पहिल्यांदा पैसे भरून गाणं उतरवून घेतलं. बटण दाबताना तिला अवघडल्यासारखं झालं, तसं फुकट उतरवताना कधी झालं नव्हतं. गाणं सुरू झालं. आधी फितीची थोडी खरखर. मग एका पुरुषाचा आवाज, जरा घाबरलेला, पाठ केलेलं म्हणावं तसा.

"गायिका, शकुबाई देवराम दोंदे, राहणार लहवित. गाणं रचलं आणि ढोलकी वाजवली, देवरामनं. सगळ्यांना जय भीम."

तो स्वतः देवरामच होता. मग ढोलकीवर थाप आणि मग गाणं.

त्या काळच्या कॅसेटींची तशी रीतच होती, गाण्याआधी गाणाऱ्याचं नाव-गाव सांगायचं. सुवर्णाला सगळं आठवलं. ट्रॅक्टरवाल्यांना किल्ली फिरवली की गाणं लागतं. आधीची बडबड नको असते. म्हणून कॅसेट उतरवली त्या दिवशी तिनंच आठही गाण्यांची तोंडं कापली होती, एकेक चौदा-पंधरा सेकंद. फालतू म्हणून. समिती जे मागत होती ते सगळं त्या चौदा सेकंदांत होतं, आणि ते टाकून तिथं तिनं आपला फोन नंबर घातला होता. तिला लाज वाटली. कुणी बघत नव्हतं तरी तिनं मान खाली घातली.

लेखी द्यायचा कागद तिनं दोनदा लिहिला. पहिल्यात 'तांत्रिक चुकीमुळे' असा शब्द होता. तो कागद तिनं फाडला. दुसऱ्यात सरळ लिहिलं, की ही गाणी मी कंपनीची परवानगी न घेता उतरवली, लोकांच्या कार्डांत भरली, गायिकेचं नाव पुसून माझ्या दुकानाचं घातलं, सुरुवातीची माहिती मी कापली, ह्यात शकुबाईंचा काही दोष नाही. खाली सही, खाली दुकानाचा शिक्का. सरकारी फाईलमध्ये गेलेला कागद उद्या कुणाच्या टेबलावर जाईल त्याचा नेम नाही. तो नाशिक रोडला आलेल्या त्या कंपनीच्या माणसांपर्यंत गेला तर कॉम्प्युटर उचलायला ते देवळालीलाही येऊ शकत होते. हे तिला पुरतं ठाऊक होतं. नवऱ्यानं कागद वाचला आणि एवढंच म्हणाला, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस." तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

काचेवरचा कागदही तिनं काढला. ह्या वेळी परत चढवण्यासाठी जपून ठेवला नाही. कार्ड घेऊन येणाऱ्याला ती आता स्टुलावर बसवायची आणि त्याच्याच फोनवर गाणं रीतसर कुठून घ्यायचं, गायकाचं नाव कुठं दिसतं ते दाखवायची. कुणाला कुठलं गाणं लागतं ते तिला अजून कळत होतंच. काहींनी ऐकलं. लहवितचा एक टेम्पोवाला मात्र हात जोडून म्हणाला, "ताई, डोकं फिरलंय का तुमचं? लय शानपना नका शिकवू, भरून द्या." आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. त्या आठवड्यात असे बरेच गेले. सुवर्णा त्यांच्या पाठी बघत बसायची आणि तिला वाईट वाटायचं. नाही वाटलं असं म्हणणं खोटं होईल.

देवरामच्या आवाजाचं मात्र तिनं शकुबाईंना सांगितलं नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आली. तो आवाज आहे हे सांगायचं तर तो इतकी वर्षं का नव्हता हेही सांगावं लागणार होतं.

आठव्या दिवशी दोघी परत त्याच हॉलमध्ये उभ्या राहिल्या. सुवर्णानं पावती दिली आणि कागद दिला. सरांना शाळेतली सवय, त्यांनी कागद मोठ्यानं वाचला. परवानगी न घेता. नाव पुसून. सुरुवातीची माहिती मी कापली. हॉलमधली आणखी दहा-बारा माणसं ऐकत होती. शकुबाई सुवर्णाकडे बघत होत्या आणि सुवर्णा टेबलाच्या पायाकडे.

"काय कापलं?" शकुबाईंनी हळूच विचारलं.

"ऐकवा," सर म्हणाले.

सुवर्णानं फोन टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं. खरखर झाली. मग देवराम बोलला. नाव, गाव, ढोलकी, जय भीम. थाप पडली आणि जातं फिरायला लागलं.

सरांनी कारकुनाकडे बघून मान हलवली, फॉर्मवर सही केली आणि शिक्का मारायला पुढं सरकवला. "झालं आजी तुमचं काम. नाव स्वच्छ ऐकू आलं."

शकुबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले होते आणि फोनकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. गाण्यातला त्यांचा स्वतःचा आवाज, तरणा आणि धारदार, वर चढत होता.

"थांबव," त्या म्हणाल्या.

सुवर्णानं गाणं थांबवलं.

"गानं नको. माझं मला म्हाईत हाय." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मघाचं परत लाव. तेवढंच."

सुवर्णानं गाणं मागे नेलं आणि तेवढंच लावलं.